‘चिरंतन’ आणि ‘चिरेबंदी’

प्रश्न : ‘चिरंतन’, ‘चिरस्थायी’ आणि ‘चिरेबंदी’ या तिन्ही शब्दांत टिकून राहण्याचा भाव आहे, त्यांतला ‘चिर’ एकच समजावा का?

उत्तर : नाही. पहिल्या दोन शब्दांत संस्कृत ‘चिर’, म्हणजे दीर्घ काळ, आहे. ‘चिरेबंदी’त मात्र चिरा, म्हणजे घडीव दगड, आहे. कोकणात जांभ्याचे चिरे आजही बांधकामाला वापरतात. चिरेबंदी वाडा पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो, त्यामुळे आपली गल्लत होणे स्वाभाविक आहे.

‘चिरंतन’मधील ‘तन’ हा कालवाचक शब्दांना लागणारा प्रत्यय असून तोच ‘पुरातन’, ‘सनातन’ आणि हल्ली सरकारी मराठीत रुळलेल्या ‘अद्यतन’ या शब्दांतही दिसतो. संस्कृतात ‘चिरंतन’चा अर्थ मुख्यतः ‘फार पूर्वीपासूनचा’ असा आहे. मराठीत मात्र त्याची दृष्टी भविष्याकडे वळली आणि तो ‘कायम टिकणारा’ या अर्थाने रूढ झाला. म्हणूनच ‘चिरंतन मूल्ये’ हा प्रयोग शोभतो. पण चपलांच्या जाहिरातीतला ‘चिरंतन टिकाऊपणा’ आम्हांला खटकतो, कारण तिथे साधा ‘टिकाऊ’ पुरेसा आहे. परिणाम बराच काळ राहील, पण सदैव राहीलच असे नाही, असे म्हणायचे असेल तर ‘चिरस्थायी’ वापरावा.