पट्टी उमटत नाही, मग दोष अँटिबॉडीचा का?

प्रश्न: बाई, मी डिचोलीची, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बांगड्याच्या तांबड्या आणि पांढऱ्या स्नायूंतलं मायोसिन (स्नायू आखडवणारं प्रथिन) वेगळं असतं का, हे मला वेस्टर्न ब्लॉटने दाखवायचं आहे, म्हणजे प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून, मेम्ब्रेनवर उतरवून, अँटिबॉडीने ओळखायची. वेगवान तंतूंतल्या २बी प्रकारच्या मायोसिनला चिकटणारी बीएफ-एफ३ ही अँटिबॉडी डिपार्टमेंटमध्ये होती, तीच वापरली. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा मेम्ब्रेन कोरी. अँटिबॉडी खराब झाली असेल का? नवीन घ्यायला पैसे नाहीत.

उत्तर: तुझं पत्र आलं त्या सकाळी ओट्यावर हुमणासाठी बांगडेच होते. एक मुद्दाम आडवा चिरून पाहिला. दोन्ही बाजूंना कातडीखाली, मध्यरेषेवर पाचरीसारखी काळपट-तांबडी पट्टी आणि बाकीचं मांस फिकट. दिवसभर पोहायचं काम त्या पट्टीचं, आणि मागे इसवण लागली की झेप घ्यायचं काम फिकट मांसाचं. आपल्या ताटातल्या माशात हा फरक शोधावासा वाटला, याचा मला फार आनंद झाला.

आता अँटिबॉडीकडे वळू. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली केंब्रिजला मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवायची रीत शोधली. अशी अँटिबॉडी अख्खं प्रथिन ओळखत नाही, त्यातला एक चिमुकला तुकडा ओळखते. बीएफ-एफ३ची पारख झाली आहे ती लहान-मोठ्या उंदरांच्या स्नायूंवर. बांगड्याच्या मायोसिनमध्ये तो तुकडा तसाच असेल असं धरून चालता येत नाही. माणसाचंच घे ना. २बी मायोसिनचं जनुक आपल्यात आहे, पण हातापायांच्या स्नायूंत ते प्रथिन बनत नाही. पूर्वी माणसात ज्यांना २बी तंतू म्हणत, त्यांत २एक्स मायोसिन असल्याचं पुढे कळलं. तेव्हा माणसाच्या मांडीच्या स्नायूवर ही अँटिबॉडी कोरी राहिली, तर ती खरंच सांगते आहे.

दुसरी गोष्ट मी स्वतः भोगली आहे. मी काम करत होते त्या प्रयोगशाळेत एका जूनमध्ये वीज सारखी जायची. ब्लॉट कोरा आला की मी फ्रीझरला दोष द्यायची. असे तीन आठवडे गेले. मग एका संध्याकाळी बाटलीसोबत आलेला कागद नीट वाचला आणि हात थांबला. बीएफ-एफ३ अँटिबॉडींच्या आयजीएम या वर्गातली आहे. तिच्या जोडीने वापरतात त्या अँटिबॉडींपैकी बीए-डी५ आयजीजी२बी आणि एससी-७१ आयजीजी१, म्हणजे दोन्ही आयजीजी वर्गातल्या. माझी सेकंडरी, म्हणजे पहिल्या (प्राथमिक) अँटिबॉडीला चिकटून ती दाखवणारी दुसरी अँटिबॉडी, फक्त आयजीजी धरणारी होती. त्यामुळे प्राथमिक अँटिबॉडी चिकटली असती तरी मला ती दिसली नसती. तुझ्या सेकंडरीचं लेबल आजच वाच.

तू स्नायू कशात कुटलास हे लिहिलं नाहीस, आणि मला जास्त शंका तिथेच आहे. मायोसिन कमी मिठाच्या बफरमध्ये विरघळत नाही. साध्या बफरमध्ये कुटून सेंट्रिफ्यूज केलंस आणि वरचं पाणी जेलवर चढवलंस, तर मायोसिन खालच्या गाळात राहिलं. ०.६ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये काढ, नाहीतर स्नायूचा कण सरळ एसडीएस (प्रथिनं उलगडून विरघळवणारा साबणासारखा पदार्थ) असलेल्या सॅम्पल बफरमध्ये उकळ. मायोसिनची जड साखळी सुमारे २२० किलोडाल्टनची, म्हणजे प्रथिनांत बरीच मोठी, त्यामुळे जेल ६-७ टक्क्यांचं घे, ट्रान्सफर बफरमध्ये मेथॅनॉल कमी ठेव आणि ट्रान्सफर रात्रभर थंडीत चालू दे. मग मेम्ब्रेन पॉन्सोने रंगव, आणि उरलेलं जेल कुमासीने; हे दोन्ही रंग सगळीच प्रथिनं दाखवतात. जड पट्टी जेलमध्येच अडकलेली दिसली, तर अँटिबॉडीचा काही दोष नाही.

पैशांची अडचण मी जाणते. शक्य झालं तर एमएफ२० ही अँटिबॉडी मिळव. बेडर, मासाकी आणि फिशमन यांनी १९८२ साली ती प्रसिद्ध केली. ती कोणत्याही पट्टेदार स्नायूतलं मायोसिन ओळखते, झेब्राफिशमध्येही चालते आणि आयोवा विद्यापीठातल्या हायब्रिडोमा (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) बँकेत त्यामानाने स्वस्त मिळते. तांबडं-पांढरं तिला वेगळं करता येणार नाही, पण तुझी पद्धत बरोबर आहे की नाही ते ती सांगेल. शेजारच्या लेनमध्ये बाजारातल्या कोंबडीच्या छातीचा तुकडा चढव. तिथे पट्टी आली आणि बांगड्यात नाही, तर पुढचा विचार माशाचा. दोन्हीकडे नाही, तर आधी हातातलं काम तपास. मंद, म्हणजे तांबड्या पट्टीतल्यासारख्या तंतूंसाठी झेब्राफिशच्या भ्रूणात एफ५९ ही अँटिबॉडी वापरतात, पण बांगड्यावर ती तुलाच पारखून घ्यावी लागेल.

तुझी बीएफ-एफ३ टाकू नकोस. छोट्या-छोट्या नळ्यांत वाटून ठेव, म्हणजे वितळणं-गोठणं वारंवार होणार नाही. चवथीची सुट्टी लागण्याआधी एक ब्लॉट होईल. पुढच्या पत्रासोबत पॉन्सोने रंगवलेल्या मेम्ब्रेनचा फोटो पाठव, आणि सेकंडरीच्या लेबलाचाही.