गटाचे काम एकटीने पूर्ण करणारी विद्यार्थिनी

“मी कमी बोलते, चारचौघांत पुढे होत नाही, मग मुलाखतीत नेतृत्वाचे उदाहरण विचारले तर काय सांगू?” अंतिम वर्षातील एक विद्यार्थिनी ही काळजी घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा तिच्याजवळ व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यशाळांची बरीच प्रमाणपत्रे होती; धीर मात्र वाढला नव्हता. ही काळजी अनेकांची असते, म्हणून ओळखीचे तपशील बदलून तिचा अनुभव येथे मांडत आहे.

मी तिच्या आधीच्या गटप्रकल्पाविषयी सविस्तर विचारले. दोन सहकाऱ्यांचे काम अपुरे राहिले, तेव्हा त्यांना काहीही न विचारता तिने रात्र जागून सगळा अहवाल स्वतःच पूर्ण केला होता आणि यालाच ती जबाबदारी समजत होती. माझ्या मते खरी अडचण येथे होती: काम मागण्याचा अवघड संवाद टाळण्यासाठी ती दुसऱ्याचे काम अंगावर घेत होती. अबोलपणाचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. बहिर्मुख व्यक्ती नेतेपदी अधिक दिसतात हे खरे. तथापि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधील अभ्यासात, जेथे सदस्य स्वतःहून कल्पना मांडणारे होते, तेथे अंतर्मुख नेत्यांचे गट सरस ठरले, कारण असे नेते इतरांच्या सूचना अधिक मोकळेपणाने स्वीकारतात.

स्वतःच्या क्षमतेवरील विश्वास वाढवणाऱ्या गोष्टींत प्रत्यक्ष काम पार पाडल्याचा अनुभव सर्वांत प्रभावी असतो, असे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले. म्हणून नवी कार्यशाळा न शोधता तिने पुढच्या प्रकल्पाचे समन्वयन मागून घ्यावे, पहिल्याच बैठकीत कोणी काय आणि केव्हापर्यंत करायचे ते सर्वांसमोर लिहून काढावे आणि मुदतीच्या बऱ्याच आधी प्रत्येकाला विचारावे, असे आम्ही ठरवले. “तुझा भाग गुरुवारपर्यंत लागेल, कुठे अडले आहे का?” हे वाक्य तिने माझ्यासमोर अनेकदा म्हणून पाहिले.

मागे पडलेल्या सहकाऱ्याला तिने हेच विचारले, तेव्हा त्याला सर्वेक्षणाची माहिती तक्त्यात कशी मांडावी हे समजले नव्हते, असे कळले. तिने पहिला तक्ता त्याच्यासोबत केला आणि उरलेले, मोह होत असूनही, त्याच्याकडेच ठेवले.

मुलाखतीसाठी तिने हाच प्रसंग लिहून काढला आहे. मदत देऊनही जो काम करत नाही, त्याच्याविषयी मार्गदर्शक प्राध्यापकांना मुदतीपूर्वी आणि आकस न ठेवता कसे सांगावे, याचा सराव आता सुरू आहे.