फ्लिक नंतर, आधी शिटीनंतरचं शिकव

अगं, ड्रॅग फ्लिकच्या, म्हणजे बॉल स्टिकने ओढत गोलात भिरकावण्याच्या, मागे एवढ्यात लागू नकोस, तुझ्या हॉकीच्या मुली मॅच घालवताहेत त्या शिटी वाजल्यानंतर. परवा कंपूच्या मैदानावर बघितलं ना, समोरच्यांच्या फाउलवर फ्री हिट मिळाली की मुलगी मान वर करून कोण मोकळं आहे ते शोधत उभी, तोवर समोरच्या आरामात 5 मीटर मागे जाऊन लाइन लावून मोकळ्या. बॉल थांबव अन् स्वतःच घेऊन पळ, नियमात बसतं ते, फक्त आधी बॉल पूर्ण थांबलेला हवा नाहीतर अंपायर हिट उलटी देतात. फ्री हिट समोरच्यांच्या बॅकलाइनपासून (गोलच्या रेषेपासून) 23 मीटरच्या आत असेल तर बॉल 5 मीटर गेल्याशिवाय किंवा डिफेंडरला लागल्याशिवाय डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, नाही न्यायचा, हे पाठच करून घे.

अन् पेनल्टी कॉर्नरला (बॅकलाइनवरून बॉल आत ढकलून गोलवर मारायची संधी) सगळ्यांचं लक्ष फ्लिकरकडे, पण खरी मेहनत तो बॉल आत ढकलणारीची, पुश करणारीची. गुडघा वाकलेला, स्टिक बॉलला चिकटलेली, पुश सपाट गेला तर ट्रॅप, म्हणजे बॉल अडवणं, नीट होतो, उसळला की कॉर्नर वाया. ओल्या टर्फवर बॉल सरकतो, कोरड्यावर अडतो, म्हणून पाणी मारायच्या आधी अन् नंतर, दोन्ही वेळा पुश करवून घे. दमल्यावर तर नक्कीच, चौथ्या क्वार्टरला पाय दमलेलेच असतात.