पाटल्या गहाण ठेवून टॉर्चचा संच घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातले हे वाचक बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर काम करतात. वय ३४. हातात येणारा पगार ३६,००० रुपये, घरखर्च २९,०००, दुचाकीचा हप्ता ३,८००. एका सौहार्द सहकारी संस्थेत ७०,००० ची ठेव आहे आणि घरात ११ महागड्या टॉर्च, एकूण खरेदी ८२,००० ची. आता पुण्याचा एक संग्राहक आपल्या सहा टॉर्च १,२०,००० ला एकगठ्ठा देतोय. त्यांत दोन टायटॅनियमच्या, चार अ‍ॅल्युमिनियमच्या. पत्नीच्या पाटल्यांवर वर्षाला १२ टक्क्यांनी सोनेतारण कर्ज काढायचं, सहा महिन्यांत एक टायटॅनियमची ३५,००० ला आणि तीन अ‍ॅल्युमिनियमच्या प्रत्येकी २०,००० ला विकायच्या, म्हणजे उरलेल्या दोन २५,००० त पडतील, असा त्यांचा बेत आहे. "टायटॅनियमचे भाव पडत नाहीत," असंही त्यांनी लिहिलंय.

पाटल्यांना हात लावू नका. संचही घेऊ नका. त्यातली जी एक तुम्हाला खरोखर हवी आहे ती घ्या, तीही आपल्या ११ मधल्या काही विकून आलेल्या पैशांतून.

आधी तुमचाच हिशेब पुढे नेतो. १,२०,००० वर सहा महिन्यांचं व्याज ७,२००. मूल्यांकन आणि कागदपत्रांचे ५०० धरा. जुनी टॉर्च सांगितलेल्या भावाला क्वचितच जाते. घासाघीस होऊन १५ टक्के खाली उतरावं लागेल असं धरून चाला. ९५,००० चे झाले ८०,७५०. चार पार्सलांचं पॅकिंग, कुरिअर आणि विमा प्रत्येकी ४०० प्रमाणे १,६००. हातात आले ७९,१५०. म्हणजे उरलेल्या दोन टॉर्च २५,००० ला नाही, ४८,५५० ला पडल्या. हे सगळं वेळेत विकलं गेलं तर. सहा महिन्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या दोनच गेल्या तर हातात ३३,२०० येतील, साधारण ८७,००० मुद्दल डोक्यावर राहील आणि पाटल्या कर्ज देणाऱ्याच्या तिजोरीतच. महिन्याला तुमच्याकडे ३,२०० उरतात. त्यातून हे व्याजासकट फिटायला अडीच वर्षांहून जास्त लागतील.

आता भावाचं. टॉर्चचे शौकीन इतकी खरेदी-विक्री का करतात हे कळलं की भाव कुठे टिकतो आणि कुठे पडतो तेही कळतं. पहिलं कारण असं की या टॉर्च दुकानात हाताळायला मिळत नाहीत. फोटोवरून झोताचा रंग आणि कडा कळत नाहीत, वजन कळत नाही. घेऊन बघायची, पटली नाही तर विकायची, एवढाच मार्ग उरतो. दुसरं, प्रत्येक टॉर्च ही तडजोड असते. दूरवर मारणारी जवळ पसरट उजेड देत नाही. रंग खरे दाखवणारा एलईडी तेवढ्याच विजेत कमी ल्यूमेन, म्हणजे कमी उजेड, देतो. लहान टॉर्च पूर्ण ताकदीवर काही मिनिटांत तापून मंद होते. त्यामुळे समाधान एका टॉर्चवर थांबत नाही. तिसरं कारण सुट्या भागांचं. शुअरफायर ६पीसारख्या जुन्या टॉर्चच्या बांध्यात आजचं एलईडी मॉड्यूल बसतं. एकाचं डोकं, दुसऱ्याची नळी, तिसऱ्याचं स्विच असं जुळवता येतं. म्हणून भागांचीही अदलाबदल चालते.

घेतली, चार महिने वापरली, तीन हजार कमी घेऊन विकली, तर ते तीन हजार हा तुमच्या छंदाचा खर्च. यात मला काहीच गैर वाटत नाही. तुमच्या ११ टॉर्चपैकी बहुतेक याच रीतीने हातात आल्या असतील. पण या खर्चाला गुंतवणूक म्हटलं की माणूस कर्ज काढायला तयार होतो.

टायटॅनियमचं तुम्हाला मी काय सांगणार. मशीनवर टूल किती लवकर झिजतं ते तुम्ही रोज बघता. ग्रेड ५ टायटॅनियमची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साधारण ७ वॅट प्रति मीटर-केल्विन, ६०६१ अ‍ॅल्युमिनियमची १६७, तांब्याची ३९० च्या वर. उजेडाच्या दृष्टीने टायटॅनियम सगळ्यांत कमकुवत, कारण एलईडीची उष्णता बाहेर जात नाही. जास्तीचे पैसे कारागिरीचे, फिनिशचे आणि दुर्मीळपणाचे असतात. मॅकगिझ्मो या नावाने टॉर्च बनवणाऱ्यासारखे कारागीर थोड्याच टॉर्च काढतात, म्हणून मागणी टिकते. मात्र ३५,००० ची टॉर्च जुनी म्हणून विकत घेणारे देशात मोजकेच. त्यांतल्या दोघांचा विचार बदलला की तुमचा भाव मोडतो.

जी टॉर्च आजही कारखान्यातून मिळते तिला वरची मर्यादा असते: नवी मागवली तर घरपोच जो खर्च येईल तो. परदेशी किंमत, कार्डाचा परकीय चलन आकार, सीमाशुल्क, त्यावरचा जीएसटी आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क मिळून हा आकडा बनतो. हे शुल्क सरकारने कमी केलं की जुन्या टॉर्चचा भावही खाली येतो. बंद झालेल्या मॉडेलला ही मर्यादा नाही, पण पर्याय निघू शकतो. निचिया कंपनीच्या २१९बी एलईडीचा गुलाबीसर उजेड हवा म्हणून लोक जादा मोजायचे. नंतर त्याच कंपनीचा ५१९ए आला. त्याच्यावरचा पारदर्शक घुमट कापला की तसाच गुलाबीसर रंग मिळतो. मग निव्वळ जुन्या एलईडीसाठी जादा पैसे कोण देणार? संचातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चारही टॉर्च "जुना एलईडी" या एकाच गुणावर विकायला ठेवल्या आहेत, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. त्यांवर २०,००० ची आशा धरू नका.

ट्रिटियम वायूच्या, विजेशिवाय मंद चमकणाऱ्या नळ्या बसवलेल्या टॉर्चचा मोह टाळा. ट्रिटियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरण्याचा काळ, १२.३ वर्षं. तुम्ही विकायला काढाल तेव्हा चमक उतरलेली असेल. शिवाय तो किरणोत्सर्गी पदार्थ आहे, परदेशातून मागवायच्या भानगडीत पडू नका.

एक टॉर्च घेण्याआधी विक्रेत्याकडून हे मागा. कागदावर त्याचं नाव आणि आजची तारीख लिहून तो कागद टॉर्चशेजारी ठेवलेला फोटो. डोकं आणि शेपूट उघडून आट्यांचा जवळून फोटो. टायटॅनियमवर टायटॅनियम फिरताना ग्रीस नसेल तर आटे चावतात, ते ओरखडे तुमच्या नजरेतून सुटणार नाहीत. बेझलवर (काचेभोवतीच्या कड्यावर) पान्याच्या खुणा असतील तर आत कोणीतरी हात घातलाय, एलईडी किंवा ड्रायव्हर (एलईडीला वीज देणारं सर्किट) बदललाय का ते विचारा. व्हिडिओ कॉलवर पांढऱ्या भिंतीवर झोत, सर्वांत मंद पातळीपासून वरपर्यंत. कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसले तर ड्रायव्हर उजेड चालू-बंद करून मंद करतोय. बाजूला इलेक्ट्रॉनिक बटण असेल तर बंद अवस्थेतली गळती मल्टिमीटरवर दाखवायला सांगा. काही मायक्रोअँपिअर ठीक. १ मिलिअँपिअर असेल तर ३,००० एमएएचची सेल १२५ दिवसांत रिकामी होते, आणि ती टॉर्च मी घेणार नाही.

सेल जुन्या मालाबरोबर घेऊच नका. १८६५० किंवा २१७०० मापाची नवी लिथियम सेल इथे मिळते, तीही खात्रीच्या दुकानातूनच घ्या. वापरलेल्या सेलचा इतिहास कोणाला माहीत नसतो. २.५ व्होल्टच्या खाली गेलेली सेल पुन्हा चार्ज करू नये. सुट्या लिथियम सेल विमानाने जाणाऱ्या पार्सलात धोकादायक माल धरल्या जातात, म्हणून विकतानाही टॉर्च सेलशिवाय पाठवा. पैसे घेताना यूपीआय पिन टाकायची वेळ आली तर ती फसवणूक आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

तुमच्या तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात तांब्या-पितळेच्या टॉर्च काळ्या-हिरव्या पडतात. सेल काढून, सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात ठेवा. विकण्याआधी मात्र घासूनपुसून चकचकीत करू नका. काहींना तो जुना रंगच हवा असतो, घेणाऱ्याला विचारून मगच घासा.

रात्री थ्री-फेज आल्यावर उसाला पाणी पाजायला, गव्याची चाहूल लागली तर लांबवर बघायला जी टॉर्च लागते ती घरखर्चातली वस्तू. १०,००० कँडेलाचा (कँडेला म्हणजे झोताच्या तीव्रतेचं एकक) झोत मापाप्रमाणे २०० मीटर जातो, ४०,००० चा ४००. तीन-चार हजारांत असं साधन मिळतं. ते या छंदाच्या पैशांत मोजू नका.

आता सीमाभागातली एक गोष्ट, जी पत्रात नाही. स्वतः वापरलेली टॉर्च अधूनमधून विकलीत तर ती वैयक्तिक वापराची वस्तू. त्यावरचा नफा भांडवली नफा धरला जात नाही. पण विकायच्या हेतूनेच घेत राहिलात की तो धंदा होतो, नफा धंद्याचं उत्पन्न होतो. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. धंदा म्हणून दुसऱ्या राज्यात माल विकला तर पहिल्या रुपयापासून लागते. बेळगावातून हुबळीला पाठवलेली टॉर्च राज्यातली, आणि हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीला दिलेली परराज्यातली. "चार विकून दोन ठेवतो" हा बेत दरवर्षी करायचा असेल तर आधी सीएकडे जा.

पैशांची मांडणी अशी करा. सहा महिन्यांचा घरखर्च १,७४,००० होतो, तुमच्याकडे ७०,००० आहेत. ती ठेवही अशा संस्थेत आहे जिथे बँकेसारखा ५ लाखांचा ठेव विमा नाही. मुदत संपली की बँकेत हलवा. उरणाऱ्या ३,२०० पैकी २,२०० आवर्ती ठेवीत, १,००० छंदाला. ११ टॉर्चपैकी सहा महिन्यांत हात न लागलेल्या वेगळ्या काढा. चार-पाच निघाल्या तर २२,००० ते २५,००० सहज येतील. तो तुमचा फिरता निधी, वेगळ्या खात्यात. एक विकल्याशिवाय दुसरी घ्यायची नाही.

पुण्याच्या गृहस्थांना सांगा की तुम्हाला एकच टायटॅनियमची हवी, ३०,००० पर्यंत, पैसे दोन महिन्यांत. तुमच्या टॉर्च विकल्याचे पैसे आणि छंदाचे दोन हजार मिळून त्यातले २४,००० ते २७,००० जमतात. कमी पडले तर एक टॉर्च अदलाबदलीत द्या. ते एकगठ्ठ्यावरच अडून बसले तर त्यांचा भाव बाजार मानत नाही असं समजा आणि दोन महिन्यांनी पुन्हा विचारा.