वाचकांचे प्रश्न : लाटा फुटतात तिथले कुरण

प्रश्न : एका मत्स्यालयात निळ्या-पिवळ्या आडव्या पट्ट्यांचा सुरेख मासा पाहिला. पाटीवर ‘पट्टेदार सर्जनफिश’ असे नाव होते. टाकीतल्या इतर माशांच्या अंगावर तो सारखा धावून जात होता. समुद्रातही तो असाच भांडखोर असतो का? आणि त्याला सर्जन का म्हणतात?

उत्तर : होय, समुद्रातही तो असाच वागतो; मात्र त्याला नुसते भांडखोर म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तो भांडतो ते आपल्या कुरणासाठी. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसने १७५८ मध्ये वर्णन केलेला हा मासा, शास्त्रीय नावाने अकॅन्थुरस लिनिॲटस, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून प्रशांत महासागरातील मार्केसस बेटांपर्यंत आढळतो. एवढा मोठा प्रदेश असूनही त्याची राहण्याची जागा चिंचोळीच आहे : प्रवाळखडकांची समुद्राकडील उथळ कड, जिथे लाटा येऊन फुटतात आणि पाणी सहसा ३ मीटरांहून खोल नसते. तिथे भरपूर ऊन पोहोचते, पाणी क्षणभरही स्थिर राहत नाही, आणि म्हणून खडकावरचे बारीक शैवाल कितीही खुडले तरी पुन्हा झपाट्याने वाढते. अशा तुकड्यावर एखादा मोठा नर ताबा मिळवतो, माद्यांसह तिथे दिवसभर चरतो आणि शैवाल खाणारा दुसरा मासा फिरकला की त्याला हुसकावून लावतो.

आता नावाविषयी. शेपटीच्या देठावर दोन्ही बाजूंना एकेक धारदार काटा असतो, तो एरवी खाचेत मिटलेला राहतो. बिजागरी मागच्या टोकाला असल्याने उघडल्यावर त्याचे टोक पुढे, डोक्याच्या दिशेने वळते, आणि शेपटीच्या एका फटकाऱ्यात शत्रूच्या अंगावर शस्त्रक्रियेच्या सुरीसारखी चीर पडते. या जातीचा काटा विषारीही असतो. त्यामुळे तो हाताळताना अनुभवी माणसेही जपून असतात.

एवढे हत्यार असूनही कुरण नेहमीच राखता येते असे नाही. याच कुळातील ‘कैदी’ सर्जनफिश, म्हणजे करड्या अंगावर उभे काळे पट्टे असलेला अकॅन्थुरस ट्रायॉस्टेगस, मोठ्या थव्याने येतो. मालक एकाला पिटाळतो तोवर बाकीचे शेकडो मासे शैवाल ओरबाडून पुढे निघून गेलेले असतात.