नोकरी की भटकंती? इचलकरंजीच्या एका घरातला प्रश्न

"मुलगा इंजिनिअर झाला, पण नोकरीचे अर्ज भरायला तयार नाही. फिरत फिरत स्वतःचे कमवीन, असे म्हणतो. त्याला कसे समजवावे?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणारे पालक वारंवार विचारतात. मुले हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने मांडतात: आता गेलो नाही तर पुन्हा कधी जाणार? दोन्ही बाजूंची काळजी खरी असते. म्हणून इचलकरंजीच्या एका कुटुंबाबरोबर झालेले काम त्यांच्या संमतीने येथे सविस्तर लिहीत आहे. त्यांची ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

मुलगा बावीस वर्षांचा होता आणि त्याने जूनमध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. कॅम्पस मुलाखतींत निवड झाली नव्हती. शेवटच्या वर्षात एका ट्रेकिंग गटासाठी व्हिडिओ संपादन करून तो महिन्याला चार-पाच हजार रुपये मिळवत असे. हिमाचल प्रदेशातील बीर येथे जायचे, तेथील प्रवाशांच्या एखाद्या हॉस्टेलमध्ये रोज काही तास काम करून त्याबदल्यात राहायचे, उरलेल्या वेळात ऑनलाइन व्हिडिओची कामे करायची आणि पुढे थायलंड-व्हिएतनामकडे निघायचे, असा त्याचा बेत होता. वडील यंत्रमागधारक आहेत आणि तेही खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचे, माग यांचे आणि मजुरी विणलेल्या कापडावर. शिक्षणासाठी चार लाखांचे बँकेचे कर्ज काढलेले होते.

वडिलांनी खुर्चीत बसताच सांगितले, "सर, ह्याला दोन शब्द सांगा. आम्ही सांगून थकलो." मुलगा खाली बघत राहिला. अशा वेळी समुपदेशकाने पालकांचा निरोप्या होणे मुलाला लगेच कळते आणि बोलणे तेथेच संपते, म्हणून मी दोघांना वेगवेगळे भेटायचे ठरवले.

मुलाशी बोलताना मला प्रथम एकच गोष्ट समजून घ्यायची होती: त्याला बीरला जायचे आहे की मुलाखतींपासून दूर जायचे आहे? उत्तर मिळायला वेळ लागला. कॅम्पसमध्ये तो तीन ठिकाणी शेवटच्या फेरीत मागे पडला होता आणि ज्या मित्रांची निवड झाली त्यांच्या घरचे पेढे त्याच्या घरी आले होते. त्यानंतर त्याने एकही अर्ज भरलेला नव्हता. मात्र म्हणून त्याची प्रवासाची ओढ खोटी ठरत नाही. त्याने केलेले व्हिडिओ मी पाहिले. ते मनापासून आणि नीटनेटके केलेले होते. ओढ खरी होती आणि पळ काढण्याची इच्छाही खरी होती. दोन्ही एकाच बेतात मिसळल्यामुळे त्याला स्वतःलाही त्या वेगळ्या करता येत नव्हत्या. नकारानंतरची ही अवस्था फार सामान्य आहे आणि ती आळस समजली जाते, याचे मला वाईट वाटते.

मग आम्ही एक कागद घेतला. शैक्षणिक कर्जाच्या प्रचलित योजनेत अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, पण त्या काळात व्याज थांबत नाही. त्याच्या कर्जाचा हप्ता पुढच्या वर्षीच्या जूनपासून सुमारे सात हजार रुपये येणार होता. राहणे, जेवण आणि प्रवास यांचा त्याचा स्वतःचा अंदाज महिना पंधरा हजारांचा होता. हॉस्टेलमधल्या कामाबद्दल बहुधा अंथरूण आणि फार तर जेवण मिळते, रोख पैसे मिळत नाहीत. त्यामुळे खर्च कमी होतो, हप्ता भरला जात नाही. फायवरसारख्या, गिऱ्हाईक आणि काम करणारा यांची गाठ घालून देणाऱ्या संकेतस्थळावर काम घेतले तर मिळालेल्या रकमेतून 20 टक्के तेथेच कापले जातात, म्हणजे हजाराच्या कामाचे आठशेच हातात येतात. भारतीय कंपनीचे काम असेल तर ती अनेकदा कर कापून पैसे देते आणि तो परत मिळवायला विवरणपत्र भरावे लागते. हे आकडे मी त्याला घाबरवण्यासाठी मांडले नव्हते. त्याला दरमहा किमान बावीस हजारांची गरज होती आणि सवय चार-पाच हजारांची होती. मधले अंतर त्याने पहिल्यांदाच पाहिले.

परदेशाविषयीची समजूतही तपासावी लागली. पर्यटक व्हिसावर गेलेल्या माणसाला तेथे नोकरी करता येत नाही; इंग्रजी शिकवून पैसे मिळवणे हाही तेथील कायद्याचा भंग ठरतो. रीतसर मार्ग आहेत आणि ते पुष्कळांना ठाऊक नसतात. ब्रिटनच्या यंग प्रोफेशनल्स योजनेत 18 ते 30 वयाच्या भारतीय पदवीधरांना सोडतीद्वारे दोन वर्षांपर्यंत तेथे राहून काम करता येते. त्यासाठी 2,530 पौंडांची शिल्लक दाखवावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसासाठीही याच वयोगटातील भारतीयांची सोडत 2024 पासून निघते आणि त्यात वर्षाला 1,000 जागा असतात. सोडतीत नाव येईलच असे नाही, पण "आता नाही तर कधीच नाही" ही भीती मात्र येथे टिकत नाही, कारण तिशीपर्यंत हे दार उघडे असते.

लवकर बंद होणारे दार दुसरेच आहे. नवख्या अभियंत्यांची भरती करणाऱ्या अनेक कंपन्या जाहिरातीतच उत्तीर्ण होण्याचे वर्ष लिहितात. एक-दोन वर्षे उलटली की तो उमेदवार नवखा मानला जात नाही आणि अनुभव नसल्यामुळे अनुभवींच्या रांगेतही बसत नाही. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे झाले की, निदान कर्जाच्या सवलतीच्या वर्षात त्याने अर्ज थांबवू नयेत. कला किंवा वाणिज्य शाखेच्या पदवीधराला मी हेच सांगेन असे नाही. तेथे वर्षाची अट सहसा इतकी कडक नसते.

वडिलांबरोबरची भेट मला अधिक महत्त्वाची वाटते. लोक काय म्हणतील, हे त्यांचे दुखणे असेल असा माझा अंदाज होता, पण ते बोलू लागले ते मागावरच्या मजुरीबद्दल. "व्यापाऱ्यानं बिमं (मागावर चढवायचे सुताचे रूळ) दिली तर काम. मंदी आली की पहिली आमची मजुरी कमी होते. पिकाला (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर ठरणाऱ्या मजुरीत) काही पैसे वाढवून घ्यायला मोर्चे काढावे लागतात. त्याला पगार मिळावा, पहिल्या तारखेला मिळावा, एवढंच मागतोय." नोकरीतील भविष्य निर्वाह निधीची रक्कम, जिच्यात कामगाराइतकीच भर मालकही घालतो, आणि आजारपणासाठी असलेला विमा यांपैकी काहीही त्यांना आयुष्यात मिळालेले नव्हते. स्वतंत्र कमाई म्हणजे काय, हे या घरात सर्वांत जास्त कोणाला ठाऊक असेल तर ते वडिलांना, आणि नेमके त्यांच्याशीच मुलगा या विषयावर बोलत नव्हता.

तिसऱ्या बैठकीत दोघांना समोरासमोर बसवून मी वडिलांना विनंती केली की, त्यांनी नोकरीचा आग्रह बाजूला ठेवून, पस्तीस वर्षे खर्चीचे काम करताना काय शिकले ते मुलाला सांगावे. ते बराच वेळ बोलले. एकाच व्यापाऱ्यावर सगळे माग लावू नयेत. मजुरी थकवणाऱ्याला दुसरे बीम उतरवून देऊ नये. दिवाळीपूर्वीचा पैसा दिवाळीनंतरच्या सुस्त दिवसांसाठी राखावा. मुलगा हे सगळे वहीत लिहून घेत होता. त्याला उमगले ते असे, की संकेतस्थळावरून मिळणारे काम हेही खर्चीचेच काम आहे: गिऱ्हाईक दुसऱ्याचे, दर दुसऱ्याचा, आणि उद्या काम बंद झाले तर विचारायला कोणी नाही. स्वतःची थेट गिऱ्हाइके मिळवणे हाच त्याच्यापुढचा खरा उद्योग होता.

येथे मी त्याला माझे म्हणणे सांगितले. फिरत कमावणे ही दोन नवी कामे आहेत. अनोळखी ठिकाणी राहणे, वीज आणि इंटरनेट सांभाळणे, एकटेपणा सोसणे हे एक काम. गिऱ्हाईक आणणे, दर ठरवणे, वेळेवर देणे आणि पैसे वसूल करणे हे दुसरे. दोन्ही एकाच दिवशी सुरू करणारे तरुण तीन-चार महिन्यांत परततात आणि आपल्यात दम नाही असे मानू लागतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. कमावण्याचे काम घरी बसून आधी शिकता येते, कारण तेथे भाडे द्यावे लागत नाही.

ठरले ते असे. सकाळचे दोन तास अर्ज आणि मुलाखतीची तयारी, दुपारनंतर व्हिडिओचे काम. सलग तीन महिने कमाई बावीस हजारांच्या वर गेली की महिनाभर बीर, आणि तेव्हा घरच्यांनी अडवायचे नाही. मधल्या काळात नातेवाइकांनी विचारले तर वडिलांनी "तो व्हिडिओचं काम करतो" असे सांगायचे. हे वाक्य उच्चारायला त्यांना सर्वांत जड गेले. आईने एकच अट घातली, ती आरोग्य विम्याची, आणि ती मला अगदी योग्य वाटली.

पहिले चार महिने कमाई दहा हजारांच्या आसपास राहिली. मग शहरातल्याच एका कापड दुकानदाराचे आणि कोल्हापुरातील एका शिकवणी वर्गाचे नियमित काम मिळाले. मार्चमध्ये तो बीरला गेला, एकाच खोलीत महिनाभर राहिला आणि दोन्ही गिऱ्हाइकांचे काम वेळेवर दिले. पावसाने दोन दिवस वीज गेली तेव्हा तिसरे, नवे गिऱ्हाईक मात्र तुटले. याच काळात पुण्यातील एका कंपनीकडून नोकरीचा प्रस्ताव आला. नेमणूकपत्रात बाहेरचे कोणतेही काम करण्यास मनाई होती, म्हणून त्याने सही करण्यापूर्वी लेखी विचारणा केली; असे कलम अनेक ठिकाणी असते आणि पुष्कळजण ते न वाचताच सही करतात.

कंपनीचे उत्तर अजून आलेले नाही. हप्ता जूनमध्ये सुरू होत आहे आणि त्याचे पहिले तीन हप्ते त्याने वेगळ्या खात्यात बाजूला ठेवले आहेत. कंपनीने नकार दिला तर दोन गिऱ्हाइके सोडायची की नोकरी, यावर घरात रोज चर्चा चालते, असे वडिलांनी मागच्या आठवड्यात फोनवर सांगितले. त्यांचे स्वतःचे मत नोकरीच्याच बाजूने आहे आणि ते मुलाला स्पष्टपणे सांगतात. निर्णय मात्र त्याने घ्यायचा आहे.