व्ह्यू येतं, मग मोबाइल अ‍ॅपसाठी फ्लटर शिकायलाच हवं का?

तुम्ही लिहिलंय की व्ह्यू (वेबपानं बनवायची जावास्क्रिप्ट चौकट) चांगलं येतं, किराणा दुकानदारांसाठी ऑर्डर आणि उधारी नोंदवायचं अ‍ॅप करायचंय, आणि ते अँड्रॉइड, आयफोन दोन्हींवर चालायला हवं. एवढ्यासाठी डार्ट ही भाषा आणि तिच्यावर चालणारी फ्लटर ही अ‍ॅपची चौकट शिकत बसू नका. व्ह्यूला कॅपॅसिटर (वेब कोडचं मोबाइल अ‍ॅप करणारं साधन) जोडा. मी कामात हीच जोडी वापरतो.

कॅपॅसिटर आयोनिकवाल्यांचं आहे. तुमचा बिल्ड झालेला 'डिस्ट' फोल्डर ते अ‍ॅपच्या आत ठेवतं आणि वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझरमध्ये, चालवतं. कॅमेरा, नोटिफिकेशन वगैरेंसाठी प्लगइन मिळतात. बटणं, टॅब, यादी यांसाठी आयोनिक व्ह्यू किंवा क्वासार ही तयार घटकांची लायब्ररी घ्या. स्वतःचं सीएसएस लिहीत बसलात तर आयफोनच्या नॉचपाशीच दोन संध्याकाळी जातील.

घोडं अडतं ते सर्व्हरशी बोलताना. वेबवर '/एपीआय/ऑर्डर्स' असा अर्धा पत्ता चालतो, कारण पान त्याच सर्व्हरवरून आलेलं असतं. अ‍ॅपमध्ये पान फोनमधल्याच लोकलहोस्टवरून उघडतं, त्यामुळे विनंती बाहेर जातच नाही. वर कॅपॅसिटर एरर न देता मुकाट्याने इंडेक्स एचटीएमएल परत करतं, आणि कन्सोलवर 'अनएक्स्पेक्टेड टोकन <' दिसतं. लोक जेसनमध्ये (सर्व्हरकडून येणाऱ्या डेटात) चूक शोधत राहतात! पूर्ण पत्ता एन्व्ह फाइलमध्ये (सेटिंग्जच्या फाइलमध्ये) ठेवा. मग कॉर्स (दुसऱ्या पत्त्यावरच्या पानाला सर्व्हरशी बोलू न देणारा ब्राउझरचा नियम) आडवं येईल: सर्व्हरवर अँड्रॉइडसाठी 'एचटीटीपीएस://लोकलहोस्ट' आणि आयफोनसाठी 'कॅपॅसिटर://लोकलहोस्ट' अशा दोन्ही ओरिजिनना (पान जिथून उघडतं त्या पत्त्यांना) परवानगी द्यावी लागते. कॅपॅसिटरच्या जुन्या आवृत्त्यांत अँड्रॉइडसाठी नुसतं एचटीटीपी असायचं, म्हणून जुने ट्युटोरियल जसेच्या तसे उतरवू नका.

उधारीचा हिशेब लोकलस्टोरेजमध्ये (वेबव्ह्यूच्या स्वतःच्या साठ्यात) अजिबात ठेवू नका. जागा कमी पडली की फोन ते परस्पर पुसू शकतो, आणि दुकानदार तुम्हाला सोडणार नाही. एसक्यूलाइट या फोनमधल्या डेटाबेसचं प्लगइन वापरा.

आयफोनसाठी एक्सकोड हे अ‍ॅपलचं बिल्ड करायचं सॉफ्टवेअर लागतं, म्हणजे मॅक आला. स्वतःचा नसेल तर क्लाउडवर बिल्ड करा. गुगल प्लेचे २५ डॉलर एकदाच, अ‍ॅपलचे ९९ दरवर्षी. शिवाय नुसती वेबसाइट गुंडाळून पाठवलीत तर अ‍ॅपल आपल्या नियमांतलं ४.२ कलम (अ‍ॅपमध्ये वेबसाइटपेक्षा जास्त काही हवं) दाखवून परत पाठवतं. तुमच्या अ‍ॅपमध्ये ऑफलाइन नोंदी आणि बारकोड स्कॅन असेल तर ती भीती बरीच कमी.

कोणी नेटिव्हस्क्रिप्ट-व्ह्यू सुचवेल. त्यात खरे नेटिव्ह घटक मिळतात, पण डॉम (ब्राउझरमधली पानाची रचना) नसल्यामुळे तुमचे 'डिव्ह' आणि नेहमीच्या यूआय लायब्ररी तिथे चालत नाहीत. गेम किंवा सतत बॅकग्राउंडला लोकेशन लागणारं अ‍ॅप असतं तर मीही वेबव्ह्यू नको म्हटलं असतं. तुमच्याकडे फक्त ग्राहकांची लांबलचक यादी स्वस्त फोनवर अडखळेल. तिला व्हर्च्युअल स्क्रोल (दिसतील तेवढ्याच ओळी काढणं) लावा आणि एमुलेटरवर भरवसा न ठेवता यूएसबीने एखादा जुना फोन जोडून क्रोमच्या इन्स्पेक्टमध्ये तपासा.